वर्षं मिळाली, तास कुठून आणायचे?



आमच्या गटातल्या एका ताईंच्या नणंदबाई शाळेत शिकवतात. एम.ए. झालेल्या, वय ४१. त्यांना पीएच.डी. करायचीय. बैठकीत विषय निघाला तेव्हा एक आजी म्हणाल्या, "आता डॉक्टर होऊन कुणाला सुई टोचणार?" सगळ्या हसलो. ही डॉक्टरकी वेगळी. एक प्रश्न धरायचा आणि काही वर्षं त्याचाच शोध घ्यायचा.

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएच.डी. करता येते. नोकरीच्या ठिकाणचं ना-हरकत पत्र लागतं. मुदत सहा वर्षांची. वाढवून बायकांना जास्तीत जास्त दहा वर्षांपर्यंत मिळू शकते. बाळंतपण, मूल सांभाळणं यासाठी २४० दिवसांपर्यंत रजाही. पूर्ण ऑनलाइन मात्र चालत नाही.

अडलंय ते तासांवर. सुरुवातीला कोर्सवर्क असतं. त्याचे वर्ग सोमवार ते शुक्रवार, सकाळी अकराला. तेव्हा बाई चौथीच्या पोरांपुढे उभ्या! हेच वर्ग दिवाळीच्या नि मे महिन्याच्या सुट्टीत सलग घेतले तर? मी साधी बी.ए., विद्यापीठाला काय सांगणार? पण आपण बैठक रात्री आठला ठेवतो, कारण दिवसा बायका रानात असतात. एवढंच अर्जात लिहिलंय. खाली आम्हा बाराजणींच्या सह्या. सोमवारी बाई तो घेऊन जातायत.