कवच आणि भेग
(विहाराच्या पंचविसाव्या वर्धापनदिनी कोन येथे केलेले भाषण. स्मरणिकेसाठी वक्त्याने स्वतः लिहून दिले.)



समितीने मला विषय दिला होता ‘विहाराची पंचवीस वर्षे’. त्यावर माझ्याआधी तीन वक्ते बोलून गेलेत आणि मागे जेवणाची भांडी वाजायला लागलीत. म्हणून मी विषय बदलतो. आपण चपला काढतो तिथे उभे राहून वर बघा. पंख्याच्या हुकापासून दरवाजाकडे एक भेग गेलेली दिसेल. तिच्यावर काचेची एक बारीक पट्टी चिकटवली आहे आणि बाजूला पेन्सिलीने तारीख लिहिली आहे. पोरं विचारतात, काका, हे काय? एक जण तर म्हणाला, वास्तुदोषाचा उपाय असेल! आपल्याच विहारात हे ऐकायची पाळी आली. तेव्हा सांगतो, ती पट्टी मी लावली आहे. आज मी त्या पट्टीबद्दलच बोलणार आहे.

मी इंजिनियर नाही. शाळेत सातवीपर्यंत गेलो, पुढचे शिक्षण वाचनालयात आणि बॉयलर खात्यात झाले. १९८६ साली गिरणीत बदली म्हणून लागलो आणि २०२० च्या टाळेबंदीपर्यंत पाळी केली. आमच्या खात्यात लँकेशायर बॉयलर होता. आडवा, हत्तीच्या पोटासारखा. त्याच्या बाहेरच्या पत्र्याला आम्ही ‘शेल’ म्हणायचो. शेल म्हणजे कवच. आत वाफ कोंडलेली, बाहेर आम्ही माणसे, आणि मध्ये बोटाएवढ्या जाडीचा पत्रा. वाफ सगळीकडे सारखीच ढकलते, पण असल्या लांबोळक्या कवचात लांबीच्या सांध्यावर ताण गोल सांध्याच्या दुप्पट येतो. म्हणून जुन्या बॉयलरला लांबीच्या सांध्यावर रिव्हेटा जास्त मारलेल्या असत. दरवर्षी इन्स्पेक्टर यायचे, तेव्हा बॉयलर पूर्ण थंड करून त्यात पाणी ठासून भरायचो आणि कामाच्या दाबापेक्षा जास्त दाब द्यायचो. मी नवा होतो, विचारले, पाणी का, वाफच का नको? म्हातारा फायरमन म्हणाला, “पाण्यानं फुटला तर पाय भिजतील. वाफेनं फुटला तर पाय सापडायचे नाहीत.” पाणी दाबले जात नाही, जरासे गळले की दाब खाली येतो. वाफ दाबून बसलेली असते, ती फाडत सुटते.

भेग शोधायची कशी, तेही तिथेच शिकलो. बिडाच्या तुकड्यावर हातोडी हलकी मारायची. शाबूत असेल तर ठण् वाजतो, भेग असेल तर भद्द. डोळ्याला न दिसणारी भेग असेल तर रॉकेल लावायचे, थोड्या वेळाने पुसून वर खडू फासायचा. भेगेत मुरलेले रॉकेल खडूतून वर येते आणि काळी रेघ उमटते. आणखी एक गंमत बघा. भेग पुढे सरकत असेल, तर तिच्या टोकाला ड्रिलने गोल भोक पाडतात. अडाण्याला वाटेल, आधीच फुटलेय त्यात आणखी भोक कशाला? पण भेगेचे टोक सुईसारखे असते, सगळा ताण त्या टोकावर जमतो. भोक पाडले की टोक गोल होते, ताण पसरतो, भेग थांबते. निदान दुरुस्तीला वेळ तरी मिळतो.

आता निसर्गाचे बघू. कोंबडीच्या अंड्याचे कवच मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे, जवळपास सगळे चुनखडीचे. अंगठा आणि बोट त्याच्या दोन टोकांना लावून दाबा, सहजासहजी फुटत नाही. कारण ते कमानीसारखे आहे, बाहेरून दाबले की कण एकमेकांना चेपून बसतात. पण आतून पिल्लाने टोचले की कवच ताणले जाते, आणि चुना काय, काँक्रीट काय, दाब सोसतो पण ताण सोसत नाही. काँक्रीटची ताण सोसायची ताकद दाबाच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढीच, म्हणून तर त्यात सळ्या घालतात. त्यातही खुबी अशी की पिल्लू आत वाढताना हाडांसाठी लागणारा चुना कवचातूनच घेते. एकविसाव्या दिवसापर्यंत कवच आतून झिजलेले असते. जे कवचातून गेले ते पिल्लाच्या पायात आले.

तथागतांनी हीच उपमा वापरली आहे. विनयपिटकात वेरंजा गावच्या ब्राह्मणाची कथा येते. तो तक्रार घेऊन आला की श्रमण गोतम वयोवृद्ध ब्राह्मणांना उठून मान देत नाही. भगवंतांनी त्याला विचारले, कोंबडीने उबवलेल्या अंड्यांतून जे पिल्लू पहिले कवच फोडून बाहेर येते, त्याला थोरले म्हणायचे की धाकटे? ब्राह्मण म्हणाला, थोरलेच. मग अविद्येच्या कवचात बंद असलेल्या लोकांत ते कवच पहिले मी फोडले आहे, असे त्यांचे उत्तर. जातीच्या आणि वयाच्या मानाला यापेक्षा सभ्य उत्तर मी वाचलेले नाही. संयुत्त निकायात दुसरे आहे. कोंबडीने अंडी नीट उबवली असतील, तर पिल्ले बाहेर यावीत अशी इच्छा तिने केली नाही तरी ती येतात. नीट उबवली नाहीत तर कितीही इच्छा करून उपयोग नाही. आपल्या संघटनांच्या बैठका आठवल्या, की मला ही कोंबडी आठवते. ठराव पुष्कळ, ऊब कमी. असो.

सगळीच कवचे अशी नसतात. कासवाचे कवच त्याच्याबरोबर वाढते, ते आयुष्यभर तेच वागवते. आपल्या खाडीतल्या चिंबोरीचे तसे नाही. तिचे कवच वाढत नाही, आतली चिंबोरी वाढते. मग ती पाणी पिऊन फुगते, कवच मागच्या बाजूने उकलते, आणि ती मागच्या मागे सरकत सगळे अंग काढून घेते, पाय, नांग्या, डोळ्यांवरची टोपीसुद्धा. नंतर काही दिवस ती पिठाच्या गोळ्यासारखी मऊ असते आणि बिळात दडून बसते. कुणीही खावे अशी अवस्था. पण त्या मऊपणातच ती मोठी होते, कडक झाल्यावर नाही.

बौद्ध माणसाला कवच नवे नाही. स्तूपाच्या घुमटालाच ‘अंड’ म्हणतात. सांचीचा भरीव, नागपूरच्या दीक्षाभूमीचा आतून पोकळ, गोराईचा पॅगोडा तर २००९ पासून खांबाशिवाय उभा आहे. सांचीच्या मोठ्या स्तूपाला १८२२ साली एका इंग्रज कॅप्टनने वरपासून खालपर्यंत फोडले. ते खिंडार १८८१ साली मेजर कोल यांच्या देखरेखीखाली बुजवले गेले. आणि आपल्या नालासोपाऱ्याचा स्तूप तर भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली उघडला. आत दगडी पेटी, तिच्यात तांब्याची डबी, तिच्यात चांदीची, अशा एकात एक डब्या, आणि सगळ्यात आत सोन्याची. त्या सोन्याच्या डबीत काय होते? मातीच्या भांड्याचे फुटके तुकडे. भगवंतांच्या भिक्षापात्राचे म्हणून कुणीतरी जपलेले. इतकी कवचे, आणि जपले काय, तर खापरी.

आता आपल्या स्लॅबकडे येतो. हा स्लॅब आपण श्रमदानाने घातला, मीही पाट्या वाहिल्या आहेत. चूक कुणा ठेकेदाराची नाही, आपली आहे. सळ्यांच्या खाली सिमेंटचे ठोकळे ठेवायचे असतात, म्हणजे सळीखाली किमान २० मिलिमीटर काँक्रीट राहते. तेच सळीचे कवच. आपण घाईत सळ्या काही ठिकाणी थेट फळ्यांवर टेकवल्या. मी बघितले होते आणि बोललो नाही, कारण भन्ते यायचे होते आणि हार आणायला मीच जाणार होतो. ताजे काँक्रीट लोखंडाला गंजू देत नाही. पण हवा आणि पाणी झिरपत झिरपत आत पोचले की तो गुण संपतो. मग सळी गंजते, आणि गंज मूळ लोखंडाच्या काही पट जागा मागतो. जागा नाही म्हणून तो काँक्रीट फोडतो. पंख्याजवळची भेग सळीच्या रेषेत आहे आणि तिच्या कडेला तांबूस डाग आहे. बॉयलरमधल्या माणसाला दुसरा पुरावा लागत नाही.

तरीही मी पट्टी लावली. भेग दोन प्रकारची असते. मेलेली भेग एकदा पडली, पुढे हलत नाही, ती बुजवली की काम झाले. जिवंत भेग हलत राहते, तिच्यात लांबी भरा, पुट्टी मारा, ती शेजारून पुन्हा उघडते. काच ताणत नाही, भेग हलली की काच तडकते. तारीख लिहायची आणि वाट बघायची. मी १ मे रोजी लावली. ऑगस्टमध्ये तडकली.

वर्धापनदिनाच्या निमित्ताने जमलेल्या देणगीतून पीओपीचे छत करायचे ठरले आहे, मधोमध धम्मचक्र, आत निळे दिवे. चित्र मी पाहिले, सुंदर आहे. पण त्या छताच्या वर भेग चालू राहील आणि आपल्याला दिसणार नाही. महाड म्हटले की आपल्याला १९२७ आठवते. त्याच महाडात २४ ऑगस्ट २०२० रोजी तारिक गार्डन नावाची पाच मजली इमारत पडली, १६ माणसे गेली. ती इमारत काही शंभर वर्षांची नव्हती, आपल्या विहारापेक्षा तरुण होती.

आता जे बोलणार आहे ते बोलू की नको, असे घरी बायकोला विचारले. ती म्हणाली, दुसऱ्यांच्या भेगा सांगून झाल्या असतील तर बोला.

माझे वडील गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर आले, त्यांत तेही. ते पुन्हा आत गेले नाहीत. तेव्हा मी शाळेत, आणि माझी ताई सतरा वर्षांची. तिने घरोघरी भांडी घासली, रात्री पापड लाटले. तिच्या पैशावर रेशन आले, माझ्या वह्या आल्या. पुढे गिरणी कामगारांना घरे द्यायचे ठरले, पण १ जानेवारी १९८२ ला हजेरीपटावर असलेल्यांना किंवा त्यांच्या वारसांना. मी नंतर लागलेला, म्हणजे हक्क वडिलांचा. ते तोवर गेले होते. आम्ही दोघे भावंडे वारस. अर्ज माझ्या नावाने केला. डिसेंबर २०१६ च्या सोडतीत घर निघाले, तेही इथेच कोनला. मग कागदांसाठी ताईचे हक्कसोडपत्र हवे होते.

त्याच आठवड्यात १४ एप्रिलला मी याच विहारात भाषण केले होते. हिंदू कोड बिल, बाबासाहेबांनी १९५१ साली दिलेला मंत्रिपदाचा राजीनामा, मुलीला बापाच्या मिळकतीत हक्क, आणि १९५६ चा वारसा कायदा आपल्या बौद्धांनाही लागू आहे, हे सगळे सांगितले. टाळ्या पडल्या. ताई पहिल्या रांगेत बसली होती. चार दिवसांनी मी तिच्यापुढे कागद ठेवला. ती भाड्याच्या खोलीत राहते, तेव्हाही राहत होती. तिने वाचला नाही. “सह्या किती ठिकाणी करायच्या?” एवढेच विचारले.

त्यानंतर ती बुद्धपौर्णिमेला यायची, खीर द्यायची, जायची. भांडण नाही, शब्द नाही. मला वाटायचे सगळे ठीक आहे. वरचे प्लास्टर शाबूत होते ना. २०२३ साली भाच्याच्या मंगल परिणयाची पत्रिका आली. नातेवाइकांच्या यादीत मामा म्हणून माझे नाव नव्हते. मी पत्रिका तीनदा वाचली. पाहुण्यांच्या पाकिटावर असते तसे वर माझे पूर्ण नाव आणि पत्ता. कार्यकर्ता म्हणून लोक मला ओळखतात ना, त्या कवचात मी बसलो होतो. आत ठण् वाजतेय की भद्द, हे मी कधी वाजवून पाहिलेच नाही.

लग्नाला गेलो, मागे बसलो. गेल्या वर्षी वकिलाकडून तिच्या अर्ध्या वाट्याचा कागद करून घेतला आणि तिच्याकडे गेलो. तिने चहा केला. कागद बघून म्हणाली, “आता कशाला?” मला उत्तर सुचले नाही. मी कागद तिच्याकडेच ठेवून आलो. त्यावर तिची सही अजून झालेली नाही, आणि मी विचारलेलेही नाही. घाई करायचा हक्क आता माझा नाही. आज तिला निमंत्रण दिले होते. आलेली नाही.

असो. समितीला माझी विनंती एवढीच, की पीओपीचे काम थांबवा. आधी गच्चीचे गळणे बंद करायचे, मग खालचे सुटलेले काँक्रीट ठोकून काढायचे, सळ्या घासून गंजविरोधी लेप द्यायचा, आणि चांगल्या मसाल्याने कवच पुन्हा भरायचे. लायकीचा स्ट्रक्चरल इंजिनियर आणून आधी तपासून घ्यायचे, माझ्या शब्दावर जाऊ नका. पंखा आजपासून बंद ठेवा आणि बायाबापड्यांना त्याच्याखाली बसवू नका. येत्या रविवारी सकाळी आठ वाजता मी शिडी, हातोडी आणि खडू घेऊन येतो. हातोडी वाजवून सगळा स्लॅब ऐकायचा आहे, एकट्याचे काम नाही. शिडी धरायला दोन पोरे लागतील, आणि भद्द वाजेल तिथे खूण करायला एक जण. ज्यांना यायचे त्यांनी जेवणाच्या रांगेत मला नावे सांगावीत.

जयभीम.