जनीच्या जिल्ह्यात स्वागत



‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ असे आमच्या गावाबद्दल लोक म्हणतात. आपण मात्र ठरवून इथेच आलात, याचा आनंद मोठा आहे.

या संमेलनासाठी ‘विश्वास आणि रोजचे जगणे’ हा विषय ठरला आणि मला आधी आठवली गंगाखेडची संत जनाबाई. गोदाकाठचे तिचे गाव याच जिल्ह्यातले. तिला देव भेटला तो दळताना, केर काढताना, शेण्या वेचताना. ख्रिस्ती संमेलनात जनीचे नाव कशाला, असे कोणाच्या मनात येईल. मला वाटते, घ्यावेच. लूकच्या शुभवर्तमानात एका हरवलेल्या नाण्यासाठी दिवा लावून घर झाडणारी बाई आहे, मत्तयात पिठात खमीर घालणारी. देवाच्या राज्याची गोष्ट येशूने अशा हातांकडे बघून सांगितली. पुनरुत्थानानंतर तर तिबिर्याच्या सरोवराकाठी त्याने निखाऱ्यांवर मासळी ठेवून शिष्यांना न्याहारीला हाक मारली. जनीला यात काहीच परके वाटले नसते.

संतांची भक्ती आणि शुभवर्तमान यांचे हे नाते कवी रेव्हरंड टिळकांना कळले होते. १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावरही त्यांनी तुकोबांचा हात सोडला नाही. ख्रिस्तभक्ती त्यांनी अभंगांत गायली आणि ते अभंग आपण आजही उपासनेत म्हणतो. पण खरे सांगू? रोजच्या संसारातली श्रद्धा मला त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंकडे अधिक दिसते. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथनात त्या सिद्धांत मांडत बसत नाहीत. सोवळेओवळे कसे सुटत गेले, टिळकांच्या दानशूरपणापुढे संसार कसा रेटला, परकी मुले घरची कशी झाली, हे सगळे हसत सांगतात. लग्नानंतर लिहा-वाचायला शिकलेल्या याच बाईंनी पुढे टिळकांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ पूर्ण केले.

आपल्या सभांतून रविवारविषयी पुष्कळ बोलले जाते, सोमवारविषयी फारसे नाही. कापूस वेचायला जाणारी बहीण, दवाखान्यात रात्रपाळी करणारी सिस्टर, यांना कामाच्या धबडग्यात प्रभू कुठे भेटतो, हे त्यांनाच विचारायला हवे. म्हणून दुपारचे सत्र वक्त्यांचे नाही, साक्षींचे आहे. मंडपामागे पहाटेपासून भाकरी थापणाऱ्या भगिनी तेव्हा व्यासपीठावर असतील. तेवढ्या वेळात भांडी घासायचे काम स्वागत समितीच्या पुरुषांकडे दिले आहे. स्वागताध्यक्षालाही त्यातून सूट नाही, आणि पाहुण्यांपैकी कोणी मदतीला आले तर आम्ही नाही म्हणणार नाही.