काकांचा ईसीजी आणि रोजची गोळी



घरातल्या वडीलधाऱ्यांच्या ईसीजीवर ‘फर्स्ट डिग्री एव्ही ब्लॉक’ असं छापून आलं, की घरचे हवालदिल होतात. अँजिओग्राफी कधी करायची, स्टेंटला खर्च किती, अशी बोलणी सुरू होतात. माझ्या काकांच्या वेळी आमच्याकडे हेच झालं. पण हा रक्तवाहिनीतला अडथळा नव्हे. रक्ताची वाट वेगळी, विजेची वेगळी.

ठोक्याचा विद्युत संदेश हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यातून निघतो. वरचे आणि खालचे कप्पे यांच्यामध्ये एव्ही नोड नावाची पेशींची छोटी गाठ आहे. जपानचे सुनाओ तवारा यांनी १९०६ साली तिचं वर्णन केलं. संदेश या गाठीत क्षणभर रेंगाळतो आणि तसं व्हायलाच हवं, कारण तेवढ्या वेळात वरचे कप्पे आपलं रक्त खाली सोडतात. या सगळ्या प्रवासाला एरवी ०.१२ ते ०.२० सेकंद लागतात. काकांच्या ईसीजीत ०.२४ लागले होते. म्हणजे संदेश जरा उशिरा पोहोचत होता, पण एकही चुकत नव्हता. एवढ्यासाठी सहसा पेसमेकर लागत नाही, औषधही लागत नाही.

मग काकांची रोजची गोळी कशाची? रक्तदाबाची, अटेनोलॉल. खरी मेख इथे आहे. अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, डिल्टियाझेम, व्हेरापामिल, डिगॉक्सिन ही औषधं याच गाठीतला संदेश आणखी मंद करतात. काचबिंदूसाठी डोळ्यांत घालायचे टिमोलॉलचे थेंबसुद्धा रक्तात उतरून तेच करू शकतात, आणि हृदयाच्या डॉक्टरांना डोळ्यांचे थेंब सांगायचं कुणाला सुचतच नाही!

हे ऐकून गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका. अटेनोलॉलसारखी गोळी एकाएकी थांबवली तर रक्तदाब उसळतो, धडधड वाढते, हृदयविकाराचा झटकाही येऊ शकतो. गोळी बदलायची की नाही, मात्रा किती ठेवायची, हे डॉक्टर जुना आणि नवा ईसीजी शेजारी ठेवून ठरवतात. काकांची गोळी त्यांनी बदलून दिली. भोवळ आली, डोळ्यांपुढे अंधारी आली, शुद्ध हरपली, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, लगेच दवाखाना गाठा.

आणि आजच एक काम करा. घरातल्या ज्येष्ठांच्या सगळ्या औषधांची, डोळ्यांच्या थेंबांसकट, यादी करून त्यांच्या जुन्या ईसीजीसोबत ठेवा. कोणत्याही डॉक्टरांकडे जाताना ती फाईल बरोबर न्या.