नवव्या पानावरचे हक्कसोडपत्र



जुन्या पुण्यातल्या दुकानांवर एक पाटी असे : 'आमची कोठेही शाखा नाही.' त्या पाटीची आपण पुष्कळ थट्टा केली. पण तिच्यात एक सरळपणा होता. गल्ल्यावर बसणारा, मालाची हमी देणारा आणि नफ्यातोट्याचा धनी, हे तिघे एकच आहेत, असे ती सांगत असे. आज शाखा नसलेले नामांकित उपाहारगृह हेच नवल. मात्र यांतल्या पुष्कळ शाखा मूळ मालकाच्या नसतात. नाव त्याचे, पाककृती त्याची, भिंतीचा रंगसुद्धा त्याने ठरविलेला. जागा, भांडवल आणि बुडण्याची भीती मात्र दुसऱ्याची. या व्यवस्थेस फ्रँचायझी म्हणतात. तिच्या करारात माणूस आपले हक्क कसे सोडून देतो, एवढ्याच मुद्द्यावर आज आम्ही बोलणार आहोत.

हक्क सोडणे आपणांस नवीन नाही. घरोघरी हक्कसोडपत्रे झालेली आहेत. बहीण भावाच्या नावे आपला हिस्सा सोडते, ते न्याय्य असो वा नसो. पण जमीन कोणती आणि हिस्सा कोणता, हे कागदावर असते, दुय्यम निबंधकापुढे सही होते. आपण काय सोडतो आहोत, हे कळण्याची निदान सोय असते. कायद्यालाही हक्कत्याग म्हणजे हेच अभिप्रेत आहे : हक्क ठाऊक असावा आणि तो जाणूनबुजून सोडावा. फ्रँचायझीच्या करारात नेमके हे 'ठाऊक असणे' गळून पडते. तंटा अजून जन्मालाही आलेला नसतो, आणि तो कोठे, कसा व कोणापुढे मांडायचा, याविषयीचे हक्क आपण आधीच लिहून देऊन बसतो.

अमेरिकेतले एक उदाहरण सांगतो. माँटॅना राज्यातील ग्रेट फॉल्स गावी एका माणसाने १९८८ साली 'सबवे' या सँडविचच्या दुकानांची फ्रँचायझी घेतली. त्याची तक्रार अशी की, चांगली जागा मोकळी झाल्यावर आपणांस मिळेल असे सांगितले होते, पण ती दुसऱ्यास दिली गेली आणि आपला धंदा बुडाला. तो न्यायालयात गेला. तेव्हा कराराचे नववे पान पुढे आले. तेथे साध्या अक्षरांत छापले होते की, तंटा लवादापुढे चालेल, आणि तोही देशाच्या दुसऱ्या टोकाला, कनेक्टिकट राज्यातील ब्रिजपोर्ट येथे. लवादाचे कलम असल्यास त्याची सूचना पहिल्याच पानावर, मोठ्या अक्षरांत आणि अधोरेखित हवी, असा माँटॅनाचा कायदा होता. त्या आधारे राज्याच्या न्यायालयाने त्या माणसाची बाजू घेतली. परंतु १९९६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय फिरविला : केवळ लवादाच्या कलमांसाठी अशी वेगळी अट घालणे संघराज्याच्या लवादविषयक कायद्याच्या विरुद्ध आहे. नवव्या पानाने पहिल्या पानावर मात केली.

अशा करारांत आणखी दोन कलमे हमखास भेटतात. पहिले असे : कंपनीने एखादी चूक एकदा चालवून घेतली, म्हणून तिचा हक्क गेला असे समजू नये. समजा, दोन वर्षे तुम्ही महिन्याची रक्कम पाच दिवस उशिरा भरली आणि कोणी काही बोलले नाही. तिसऱ्या वर्षी त्याच पाच दिवसांवर बोट ठेवून नोटीस येऊ शकते. कंपनीचे मौन म्हणजे संमती नव्हे. तुमच्या मौनाला मात्र असे कवच पुष्कळदा नसते. दुसरे कलम नूतनीकरणाचे : मुदत वाढवून हवी असेल, तर आजवरच्या सर्व मागण्या सोडल्या असे लिहून द्यावयाचे. कॅलिफोर्नियाने १९७० साली फ्रँचायझीचा स्वतंत्र कायदा केला, त्यात या कायद्याचे संरक्षण सोडून देण्यास बांधणारी अट रद्दबातल ठरविली आहे. आपल्या देशात फ्रँचायझीसाठी असा स्वतंत्र कायदा नाही.

मग आपला आधार कोणता? १८७२ चा करार कायदा. त्याचे कलम २८ सांगते की, न्यायालयात जाण्याचा मार्ग सर्वस्वी बंद करणारा, किंवा दाव्याची कायदेशीर मुदत कापणारा करार तेवढ्यापुरता निरर्थक होय. मात्र त्याला लवादाचा अपवाद आहे. दोन ठिकाणच्या न्यायालयांना अधिकार असेल, तर त्यांपैकी एकच निवडण्याचा करारही चालतो. म्हणून साताऱ्याच्या दुकानदारास दिल्लीचे खेटे घालावे लागू शकतात.

लवाद कायद्यात २०१५ साली झालेली एक दुरुस्ती आम्हांस फार मोलाची वाटते. ज्याचे एका पक्षाशी निकटचे हितसंबंध आहेत, तो लवाद होण्यास अपात्र. हा आक्षेप पक्षकारांना सोडता येतो, पण केव्हा? तंटा उत्पन्न झाल्यानंतर, आणि स्पष्ट लेखी कराराने. आधी केलेल्या सहीने नव्हे. बहिणीच्या हक्कसोडपत्रात जे तत्त्व आहे, तेच येथे आले : आधी हक्क डोळ्यांपुढे येऊ द्या, मग तो सोडा. हे तत्त्व फ्रँचायझीच्या सर्व कलमांना लागू व्हावे, असे आमचे मत आहे.

तोवर न्यायालय आपणांस सोडवील, या भरवशावर कोणी राहू नये. बलवानाने दुर्बलावर लादलेला अन्याय्य करार टिकणार नाही, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली म्हटले. पण त्याच निकालात हेही म्हटले की, दोन्ही पक्ष व्यापारी असून व्यवहार व्यापारी असेल, तेथे हे तत्त्व कदाचित लागू होणार नाही. निवृत्तीची पुंजी घालून चहाचे दुकान काढणारा गृहस्थ स्वतःला व्यापारी समजत नाही. सही केल्यावर कायदा मात्र त्याला व्यापारी समजू शकतो.

तेव्हा सहीपूर्वी चार प्रश्न विचारा. तंटा कोणत्या गावी चालेल? लवाद कोण नेमील? मौनाचा नियम दोघांना सारखाच आहे काय? नूतनीकरणाच्या वेळी काय लिहून द्यावे लागेल? करार इंग्रजीत असेल, तर जाणत्या वकिलाकडून त्याचा अर्थ मराठीत समजावून घ्या. तोंडी वचन मिळाले असेल, तर ते कागदावर आणा. 'हा छापील नमुना आहे, बदलता येत नाही,' असे उत्तर आले, तर निदान आपण काय सोडतो आहोत हे कळेल, आणि घरी परत जाण्याचा हक्क तरी तोवर शाबूत असेल. दुकानाची जागा पाहण्यास आपण चार खेपा घालतो. नववे पान वाचण्यास एक संध्याकाळ पुरते.