राणी नसलेली पेटी
(हितचिंतकांच्या सभेत मधमाशीपालन प्रशिक्षकाने केलेले भाषण)



तुमच्या देणग्यांमधून जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर मधपेट्या गेल्या. "आणखी किती पेट्या देऊ?" असे तुम्ही प्रेमाने विचारता. दिलेली पेटी जिवंत कशी राहते, ते आज सांगतो.

पेटीतल्या सगळ्या सातेरी माशांची आई एकच, राणी. कामकरी माशी कामाच्या दिवसांत जेमतेम दीड महिना जगते. राणी गेली आणि नवी पिढी थांबली, की पेटी हळूहळू ओस पडते. अंडे 3 दिवसांत फुटते. म्हणून पोळ्यात एकही अंडे नसेल आणि माशा सैरभैर असतील, तर आम्ही राणी शोधायला लागतो.

माशा कोवळ्या अळीपासून स्वतः राणी घडवू शकतात. अंडे घातल्यापासून सुमारे 16 दिवसांनी ती बाहेर येते. मात्र नरांशी मीलनासाठी तिला उंच उडावे लागते. भर पावसात उघडीप नसते, नरही थोडे. तोवर कामकरी माशाच अंडी घालू लागतात, आणि सातेरीत हे फार लवकर घडते. त्या अंड्यांतून निपजतात फक्त नर.

म्हणून आम्ही दुसऱ्या पेटीतली अंडी घालणारी राणी आणतो. तिला सरळ सोडता येत नाही. तिचा वास परका असतो. माशा तिला घेरून मारतात. आधी पेटीतली राणीघरे मोडायची. मग राणीला जाळीच्या लहान पिंजऱ्यात ठेवून तो दोन चौकटींमध्ये टांगायचा. पिंजऱ्याच्या तोंडाशी मधात मळलेल्या पिठीसाखरेची गोळी, त्यावर झाकण. 3-4 दिवसांनी पाहायचे. माशा जाळीला चावत चिकटल्या असतील, तर थांबायचे. जाळीतून राणीला भरवत असतील, तर झाकण काढायचे. गोळी खात खात माशाच तिची वाट मोकळी करतात. पुढे आठवडाभर पेटी उघडायची नाही. बाहेर फुलोरा नसेल तर साखरेचा पाक द्यायचा. नंतर प्रत्येक घरात एकेक अंडे दिसले, की पेटी वाचली.

पावसाळा सरताना खुरासणीची शेते पिवळी होतात. तेव्हा पेटीत माशा भरपूर असल्या, तरच त्या घराला मध मिळतो. राणी गेल्याचे त्याआधीच कळायला हवे. महिन्यातून एकदा जाणाऱ्या माझ्यासारख्याला ते वेळेत कळत नाही; पाड्यावर राहणाऱ्याला कळते.

म्हणून विनंती अशी : यंदा नव्या पेट्या कमी द्या. त्याऐवजी प्रत्येक पाड्यावरच्या एका तरुणाच्या किंवा तरुणीच्या प्रशिक्षणाला, आणि राखीव राण्यांसाठी दोन छोट्या पेट्यांना हातभार लावा. दिलेल्या पेट्या त्यानेच टिकतील.