पत्रांमधल्या आनंदीबाई

आज आपण एका संसाराबद्दल बोलणार आहोत. डॉक्टर आनंदीबाई जोशी आणि त्यांचे यजमान गोपाळराव यांच्या. आनंदीबाईंचं नाव तुम्ही ऐकलंय. कुणी शाळेच्या पुस्तकात, कुणी ८ मार्चच्या भाषणात, कुणी २०१९ साली आलेल्या सिनेमात. नाव निघालं की पाठोपाठ एक वाक्य येतं, "नवऱ्यानं शिकवलं म्हणून शिकली." हे वाक्य खोटं नाही. पण ते पुरेसं आहे का? आनंदीबाईंना स्वतःला काय वाटत होतं? ते कळायला आपल्याकडे एक वाट आहे, ती म्हणजे त्यांची पत्रं.

आधी थोडक्यात हकिकत सांगतो. आनंदीबाईंचा जन्म १८६५ सालचा. माहेर कल्याणचं, माहेरचं नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झालं. गोपाळराव पोस्टात नोकरीला होते, बिजवर होते, आणि वयानं सुमारे वीस वर्षांनी मोठे. बायकोला शिकवायचंच असा त्यांचा ध्यास. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मूल झालं आणि दहा दिवसांत गेलं. बाईला तपासायला बाई डॉक्टर हवी, हे त्यांच्या मनात पक्कं बसलं.

बायकोला अमेरिकेत शिकायला पाठवता येईल का, असं गोपाळरावांनी एका मिशनरी साहेबाला पत्रानं विचारलं होतं. ते पत्र अमेरिकेतल्या एका मासिकात छापून आलं. १८८० साली न्यू जर्सीतल्या कार्पेंटर नावाच्या बाईंनी ते दाताच्या डॉक्टरकडे बसल्या असताना वाचलं. त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिलं, आनंदीबाईंनी उत्तर दिलं. एकमेकींना पाहिलेलंही नव्हतं, तरी पत्रातून मावशी-भाचीचं नातं जुळलं. १८८३ च्या एप्रिलमध्ये, अठरा वर्षांच्या आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीनं निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला पोचल्या. गोपाळराव मागे राहिले. आता नवरा-बायकोत उरली ती फक्त पत्रं.

मैत्रिणींनो, इथे जरा थांबू. एका घरात राहणारी माणसं एकमेकांना पत्र लिहीत नाहीत. मधे समुद्र आला म्हणून आनंदीबाईंना लिहावं लागलं. आणि समोर नवरा नव्हता, म्हणून जे तोंडावर कधी बोलता आलं नसतं तेही लिहिता आलं.

त्यातल्या एका पत्राचा मतलब आपल्या शब्दांत सांगतो. तुमची माझ्याशी वागणूक चांगली की वाईट, हे ठरवणं अवघड आहे, असं त्या म्हणतात. मला विचाराल तर दोन्ही. ज्या हेतूनं वागलात तो पाहिला तर ती बरोबर वाटते. पण लहान मुलीच्या मनावर काय परिणाम होईल हे पाहिलं, तर चूकच होती असं म्हणावं लागतं. मग त्या वयाचा हिशोब मांडतात. दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांनी मारणं. बाराव्या वर्षी अंगावर खुर्च्या आणि पुस्तकं फेकणं, सोडून जाण्याची धमकी देणं. चौदाव्या वर्षी आणखी वेगळ्या शिक्षा. त्या त्या वयाला, शरीराला आणि मनाला हे झेपणारं नव्हतं, असं त्या स्पष्ट लिहितात. आणि नवऱ्यापुढे बोलण्याचा हक्क आपल्याकडच्या बाईला नसतो, तो करील ते करू देऊन गप्प बसण्याचाच काय तो हक्क असतो, असंही लिहितात.

पाहा, यात शिव्याशाप नाहीत, आणि पाया पडणंही नाही. एक बाई आपल्याच संसाराला तराजूत घालते. एका पारड्यात शिक्षण ठेवते, दुसऱ्यात मार. एकानं दुसरं फिटलं असं ती म्हणत नाही. दोन्ही खरं आहे, एवढंच म्हणते.

आता चरित्रांकडे येऊ. आनंदीबाई १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या दवाखान्यात त्यांची नेमणूक झाली होती. पण क्षयानं गाठलं आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या. बाविसावं वर्षही पुरं झालेलं नव्हतं. पुढच्याच वर्षी कॅरोलाइन डॉल या अमेरिकन बाईंनी इंग्रजीत त्यांचं चरित्र काढलं. मराठीत काशीबाई कानिटकरांनी लिहिलं. काशीबाईंचाही विवाह लहानपणीच झाला होता आणि त्या लग्नानंतरच वाचायला शिकल्या होत्या. अशा बाईनं दुसऱ्या बाईचं चरित्र लिहिलं आणि तिची पत्रं त्यात घेतली, म्हणून तर हा आवाज आपल्यापर्यंत आला. पुढे १९६८ साली श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' आली आणि हे जोडपं घरोघरी पोचलं. पण ती कादंबरी आहे. कादंबरीतलं सगळं बोलणं घडलेलंच असतं असं नाही.

एकच संसार, पण सांगणारा बदलला की चित्र बदलतं. म्हणून असं काही वाचताना किंवा ऐकताना तीन गोष्टी विचाराव्यात. एक, हे कुणी लिहिलं आणि कुणासाठी? आनंदीबाई कार्पेंटर मावशीला जे लिहितील ते नवऱ्याला लिहिणार नाहीत, आणि नवऱ्याला लिहितील ते मावशीला नाही. दोन, कधी लिहिलं? दहा वर्षांची मुलगी मार खात होती तेव्हा तिनं काहीच लिहिलेलं नाही. ते कागदावर यायला शिक्षण, अंतर आणि वय लागलं. तीन, काय लिहिलेलं नाही? दोन्ही बाजूंची सगळी पत्रं समोर नसतील तर निकाल घाईनं देऊ नये.

हे सगळं आज कशाला? कारण गटाच्या बैठकीत आपण अजून ऐकतो, "मारतो, पण चांगल्यासाठीच मारतो." "त्याच्यामुळेच तर पोरं शिकली, मग कशाला बोलायचं?" ज्या बाईचं उदाहरण देऊन आपल्याला नवऱ्याचे उपकार सांगितले जातात, त्याच बाईनं मार चूक होता असं लिहून ठेवलंय. उपकार मानूनही मार चूक म्हणता येतो. आनंदीबाई सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच हे म्हणून गेल्या.

आणखी एक. आपल्याही घरात ट्रंकेत, फडताळात जुनी पत्रं असतील. मुंबईच्या गिरणीतून आलेली, पलटणीतून आलेली, मनीऑर्डरच्या कुपनवरच्या दोन ओळी. वाळवी लागायच्या आत ती काढा. "इकडील सर्व क्षेम" असं वर लिहिलेलं असलं म्हणून सगळं क्षेमच होतं असं समजू नका. आजीला लिहिता येत नव्हतं, पत्र पोस्टमननं नाहीतर शाळेतल्या पोरानं लिहून दिलं. परक्यापुढे ती किती मोकळं सांगणार? म्हणून पत्र समोर ठेवून घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारा, आणि ती सांगेल ते वहीत उतरवून घ्या. मात्र जिचं पत्र आहे ती हयात असेल तर तिला विचारल्याशिवाय चारचौघींत वाचू नका.

पुढच्या बैठकीत कर्जाचे हप्ते झाले की दहा मिनिटं काढा. प्रत्येकीनं एवढंच सांगा: माझ्या आईच्या, आजीच्या संसाराची गोष्ट मला कुणी सांगितली? तिनं स्वतः, की तिच्याबद्दल दुसऱ्यानं?