औषधी पिकाला शुद्ध शेजार हवा



आपली ही परिषद मुकुंदवाडीत भरते आहे. मुकुंदवाडी मूळचे गावच. आज ते छत्रपती संभाजीनगरचा भाग आहे. पण इथून जालन्याच्या रस्त्याला लागलात, की शहर मागे पडते आणि कापूस, सोयाबीन, तुरीची राने अन् मोसंबीच्या बागा सुरू होतात. सेंद्रिय आणि आंतरपीक पद्धतीने औषधी वनस्पती घेण्याची चर्चा या रानांच्या इतक्या जवळ होते आहे, याचा मला आनंद वाटतो.

औषधी वनस्पती जंगलातून ओरबाडत राहिलो, तर त्या संपतात. गुग्गुळाची झाडे आज नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहेत. म्हणूनच त्या शेतात लावायला हव्यात. केंद्र सरकारने २००० साली राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ स्थापन केले, त्यामागेही हाच विचार होता. मात्र शेतकऱ्याला पोळल्याचा अनुभव आहे. सफेद मुसळीचा बोलबाला झाला, तेव्हा अनेकांनी महागडे बेणे आणून लावले आणि माल निघाल्यावर गिऱ्हाईक मिळाले नाही. तेव्हापासून तो नेहमीचे पीक सोडायला धजत नाही, आणि त्याचे बरोबरच आहे. त्याच्यासाठी आंतरपीक हाच सुरक्षित रस्ता आहे.

या रस्त्यावरही पारखून चालावे लागते. हळदीचेच उदाहरण घ्या. आपल्या मराठवाड्यातील वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. हळदीत आंतरपीक म्हणून कोथिंबीर, मेथी, घेवडा चालतो. मका मात्र अन्नासाठी स्पर्धा करतो आणि हळदीचे उत्पादन घटवतो. कोणाची जोडी कोणाशी जमते, हे शेतात प्रयोग करूनच कळते.

आज मला एकच गोष्ट आग्रहाने मांडायची आहे. सेंद्रिय शेती आणि आंतरपीक हे दोन वेगळे विषय समजू नका. समजा, कपाशीच्या दोन ओळींत अश्वगंधा लावली. तिला शेणखत, निंबोळी पेंड घातली. पण शेजारच्या कपाशीवर कीटकनाशकाच्या फवारण्या चालूच राहिल्या. ते विष उडून अश्वगंधेच्या पानांवर बसणार, पावसाबरोबर मातीत उतरणार. अश्वगंधेचे आपण मूळ वापरतो आणि ते रोग्याच्या पोटात जाते. शेजारी फवारणी होत असेल, तर त्या मुळाला सेंद्रिय कसे म्हणायचे? औषधी पीक शुद्ध हवे असेल, तर मुख्य पीकही सेंद्रियच हवे. म्हणजे प्रयोग एका ओळीचा करून भागणार नाही, सगळ्या रानाचा करावा लागेल.

संशोधकांना माझी विनंती आहे. दोन पिकांनी मिळून एका एकरात जेवढे दिले, तेवढे वेगवेगळे पेरून घ्यायला किती जमीन लागली असती, हा हिशेब आपण मांडताच. त्याच्याशेजारी आणखी दोन रकाने आखा. पहिल्यात गुण लिहा: अश्वगंधेच्या मुळात विथॅनोलाइड किती, हळदीत कुर्क्युमिन किती. वजन वाढले आणि गुण उतरला, तर वैद्याला त्या मालाचा उपयोग नाही. दुसऱ्यात मजुरी आणि विक्री लिहा. अश्वगंधेची मोठी बाजारपेठ मध्य प्रदेशात नीमचला आहे. तिथवरच्या वाहतुकीचा खर्चही मोजायला हवा.

जमिनीचेही भान हवे. अश्वगंधेला पाणी साचलेले सोसत नाही, मुळे कुजतात. आमच्या भारी काळ्या रानातला निष्कर्ष वेगळा येईल, मुरमाड हलक्या रानातला वेगळा. शतावरीची मुळे काढायला दीड-दोन वर्षे लागतात. शतावरी केशर आंब्याच्या नव्या बागेत किती काळ टिकेल, हेही तपासा. आणि जे प्रयोग फसले, तेही इथे मोकळेपणाने सांगा. शेतकऱ्याचा पुढचा हंगाम त्यामुळे वाचेल.

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात सेंद्रिय शेती संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. अशा केंद्रांतील शास्त्रज्ञ, प्रयोगशील शेतकरी आणि औषध बनवणारे यांनी परिषदेच्या या दोन दिवसांत एकत्र बसावे. आपल्या भागासाठी निदान दोन-तीन पीकजोड्या निश्चित कराव्यात आणि येत्या खरिपात त्यांचे प्रयोग शेतकऱ्यांच्याच रानात लावावेत. त्यासाठी लागेल ती मदत करायला आमची स्वागत समिती बांधील आहे.